ऐकण्याची बैठक

डोंगराच्या कुशीत वसलेल्या त्या आदिवासी वस्तीत कोणी राजा नव्हता, कोणी मुखियाही नव्हता. होती ती केवळ सभा. धान्याच्या सामायिक कोठारापुढे जे मोकळे पटांगण होते, तेथे वस्ती भुईवर गोल बसे आणि जे काही ठरवायचे ते ठरवी. गोलाला अग्रभाग नसतो; म्हणून तेथे पुढचा मान कोणाला नसे आणि मागे बसल्याचा कमीपणाही कोणाला नसे. सभा बोलावण्याचे काम तेवढे एका माणसाकडे असे, आणि बराच काळ ते एका वृद्ध सुतारांकडे होते. वस्ती त्यांना ‘थोरले’ म्हणे.

या सभेची एक शिस्त होती. तेथे कोणताही विषय दोन बैठकींत सुटे. पहिली बैठक ऐकण्याची, दुसरी सांगण्याची. ऐकण्याच्या बैठकीत ज्याला मांडायचे असेल त्याने मांडावे, इतरांनी मध्ये तोंड घालू नये, आणि त्याचे बोलून संपले की गोलातल्या प्रत्येकाने आपापल्या पाळीने एकच शब्द उच्चारावा: ‘ऐकलं’. त्या दिवशी होकार नाही, नकारही नाही. ऐकलेले घरी न्यावे, रात्रभर उशाशी ठेवावे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्याही कानावर घालावे आणि मग सांगण्याच्या बैठकीला येऊन आपले मत द्यावे. होकाराचा शब्द तेथे निराळा होता. त्या दिवशी ‘मानलं’ म्हणत, किंवा ‘नाही’ म्हणत. फार पूर्वी कोणी तरी तापल्या डोक्याने जागच्या जागी उत्तर दिले होते आणि पटांगणात कुऱ्हाडी निघाल्या होत्या. तेव्हापासून हा नियम चालत आला होता. थोरल्यांनी तो वस्तीला असा शिकवला होता की, नियम म्हणून तो कोणाला जाणवतही नसे.

पुढे सरकारने या सभेला कायद्याचे बळ दिले. डोंगराळ भागातल्या आदिवासी वस्तीच्या हद्दीत सभेच्या संमतीवाचून कोणालाही जमीन खणता येणार नाही, असे त्या कायद्यात लिहिलेले होते. कचेरीतल्या माणसाने येऊन ते वाचून दाखवले तेव्हा वस्तीचा न्हावी म्हणाला होता, “वा! आपलाच बैल, आणि सरकारनं तो आपल्यालाच भेट दिला.” सगळे पोट धरून हसले होते. थोरले मात्र हसले नाहीत. त्यांना त्या कायद्याविषयी आदर वाटला होता. दूरच्या शहरात बसलेल्या, कधीही न पाहिलेल्या माणसांनी आपल्या गोलाला नमस्कार केला आहे, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

डोंगराच्या पोटात काळा दगड होता आणि एका कंपनीला तो हवा होता. वस्तीपासून चढणीवर, झऱ्याच्या अंगाला, थोरल्यांच्या मुलीचे घर होते. ती मधमाश्या पाळी. म्हणून वस्ती तिला मधवाली म्हणे. तिचा नवरा कड्यावरचे पोळे काढताना दोर तुटून गेला होता. घराच्या दगडी भिंती त्याने रचलेल्या होत्या आणि छपराचे वासे थोरल्यांनी तासलेले होते. तो गेल्यावर थोरल्यांनी तिला खाली आपल्याकडे राहायला बोलावले, तेव्हा ती एवढेच म्हणाली होती, “त्याचा हात लागलेलं आता तेवढंच राहिलंय, बाबा.” पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

कंपनीच्या नकाशातली रेघ त्या घरावरून जात होती.

ज्या दिवशी खाण विभागाचा अधिकारी सभेपुढे येणार होता, त्या सकाळी थोरले चढण चढून मुलीकडे गेले. ती माश्यांच्या पेटीवर वाकली होती. एका हातात धुराचा डबा, दुसऱ्या हातात पोळ्याची चौकट.

“तिथंच थांबा, बाबा. आज चिडल्यात. काल मोजणीवाले पेट्यांच्या मधून फिरत गेले.”

“मला कधी चावल्यात का त्या?”

“तुम्हाला चावून त्यांच्या हाती काय लागणार? सगळं लाकूडच.”

थोरले ओट्यावर टेकले. मुलीने चौकट हळुवारपणे पेटीत सोडली, झाकण ठेवले आणि हात पुसत ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“आज त्या साहेबांचं बोलून झालं की तुम्ही सरळ नाही म्हणा. सगळ्यांच्या आधी.”

“आज ऐकण्याची बैठक आहे, बाई.”

“ते मला ठाऊक आहे. त्यांना ठाऊक आहे का?”

“पाहुणा आपल्या घरी आला की घराची रीत पाहून वागतो. नाही कळलं तर विचारतो.”

“नाही विचारलं तर?”

“सांगण्याच्या बैठकीला कळेलच की. अगं, या वस्तीत एक तरी माणूस ‘मानलं’ म्हणेल का? तुझं घर म्हणजे काय फक्त तुझं आहे? सगळे एका तोंडानं नाही म्हणणार आहेत. मग कंपनी काय, सरकार आलं तरी दगडाला हात लावू शकत नाही. कायदाच आहे तसा.”

“मग तेच आज म्हणा! एवढं एकदाच. माझ्यासाठी.”

थोरल्यांनी आपल्या तळहातांकडे पाहिले. “तुझ्यासाठी आज नियम मोडला, तर उद्या दुसरा कोणी पेटून उठला की त्याला मी कोणत्या तोंडानं खाली बसवू?”

मधवाली धुराचा डबा उचलता उचलता म्हणाली, “तुम्ही सभेचे बाप आहात, बाबा. तिच्यातून सवड मिळाली तर माझे पण व्हा.”

थोरल्यांनी या बोलण्यालाही त्याच दिवशी उत्तर दिले नाही. ते उठले आणि काठी टेकत चढण उतरू लागले.

खाण विभागाचा अधिकारी मनाने वाईट नव्हता. प्रवासाने शिणलेला, घामाने निथळलेला, चारचौघांसारखा गृहस्थ होता. पटांगणात खुर्ची नाही हे पाहून तो क्षणभर घुटमळला आणि मग गुडघे कुरकुरत असतानाही भुईवर बसला.

“बसा, बसा, साहेब, चांगले पाय मोडून बसा,” न्हावी म्हणाला. “खरंच मोडले तर थोरले लाकडाचे बसवून देतील.”

अधिकारीही हसला. त्याच्या सोबतच्या मदतनिसाने आपला मोबाइल गोलाच्या मध्यभागी एका दगडावर ठेवला आणि सर्वांचे बोलणे त्यात जसेच्या तसे राहील, असे सांगितले. वस्तीतली सर्वांत वयस्कर बाई, टोपल्या विणणारी म्हातारी, पुढे वाकून त्याच्याकडे पाहू लागली.

“ते बोलतं का मध्येच?”

“नाही, आजी. फक्त ऐकतं.”

“मग शहाणं आहे. बसू दे आपल्यात.”

अधिकाऱ्याने सविस्तर मांडणी केली. रस्ता होईल, दवाखाना येईल, हातांना काम मिळेल. उतारावरच्या घराला खाली दुसरी जागा दिली जाईल. झऱ्याचे पाणी नळाने आणून देण्यात येईल. तो बोलत असताना कोणी खाकरलेही नाही. असे एकाग्र श्रोते त्याला आयुष्यात कधी लाभले नसावेत. बोलता बोलता त्याचा आवाज सौम्य होत गेला. शेवटी त्याने हात जोडले आणि विचारले, “तर मंडळी, आमचं म्हणणं हे असं आहे. ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं,” थोरले म्हणाले.

“ऐकलं,” त्यांच्या शेजारचा गुराखी म्हणाला.

शब्द गोलातून फिरू लागला. न्हाव्याने तो म्हटला, कुंभाराने म्हटला, टोपलीवाल्या म्हातारीने दोनदा म्हटला, कारण आपला आवाज दगडावरच्या त्या वस्तूपर्यंत पोहोचला की नाही याची तिला शंका होती. सर्वांत शेवटी पाळी मधवालीची आली. ती खाली पाहत होती. गोल थांबला. पाहुण्याला ‘ऐकलं’ न म्हणणे म्हणजे त्याला माणसांत न धरणे. तिने मान वर करून वडिलांकडे पाहिले. थोरल्यांनी अगदी किंचित मान हलवली.

“ऐकलं,” ती म्हणाली.

ज्या भाषेत ऐकणारा मुलगा गुणी ठरतो आणि न ऐकणारा हट्टी ठरतो, ज्या भाषेत ‘त्याने माझे ऐकले’ याचा अर्थ तो वाद न घालता कबूल झाला असाच होतो, त्याच भाषेत तो अधिकारी लहानाचा मोठा झाला होता. वस्तीचीही भाषा तीच होती. परंतु वस्तीने त्या शब्दाला आपल्या पटांगणापुरते वेगळ्या अर्थाने जपले होते, आणि पटांगणाबाहेर तो अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. अधिकाऱ्याचा चेहरा उजळला.

“एकाचाही विरोध नाही! खरं सांगू, मला वाटलं होतं इथं दगड खावे लागतील.”

“दगड तर तुम्ही न्यायला आलात, साहेब,” न्हावी म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

“आता आमचं सांगणं पुढच्या बैठकीत,” थोरले म्हणाले.

“हो, हो, तुमचं काही सांगणं असेल, रस्ता इथून हवा, नळ तिथं हवा, ते अवश्य सांगा. त्याचाही विचार करू आपण.”

“ऐकलं,” थोरले समाधानाने म्हणाले.

दोघांनी परस्परांना नमस्कार केला. आपल्याला समोरचा माणूस उमगला, असे दोघांनाही अगदी मनापासून वाटत होते.

सांगण्याच्या बैठकीला अधिकारी आला नाही. वस्तीने गोलात त्याची जागा रिकामी ठेवली आणि प्रत्येकाने त्या रिकाम्या जागेकडे पाहून ‘नाही’ म्हटले. तो नकार कागदावर उतरवून, अंगठे उमटवून कचेरीत पोहोचता करण्यात आला. उत्तर यायच्या आधीच माणसे आली. त्यांनी मधवालीच्या भिंतीवर तांबड्या रंगाने खूण केली. तिने ओल्या फडक्याने ती पुसू पाहिली, तेव्हा रंग दगडाच्या खाचांत आणखीच मुरला. मागोमाग उत्तरही आले. सभेने यापूर्वीच एकमताने संमती दिलेली आहे, प्रत्येकाचा आवाज ध्वनिमुद्रित आहे, आता फिरवाफिरव करता येणार नाही, असा त्याचा आशय होता.

कागद वाचून झाला, तेव्हा मधवाली काही बोलली नाही. थोरल्यांनाच ते असह्य झाले.

“बोल की काहीतरी.”

“काय बोलू? तुमची मान हललेली दिसली, म्हणून मी तोंड उघडलं.”

शहरातल्या वकीलबाईंची खोली एका झेरॉक्सच्या दुकानावर होती. खालचे यंत्र चालू झाले की टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरे. थोरले, मधवाली आणि वस्तीच्या वतीने सोबत आलेला न्हावी असे तिघे बाकावर बसले. वकीलबाईंनी ध्वनिमुद्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले होते.

“तुमच्यात ‘ऐकलं’ म्हणजे कबूल नाही, हे मला पटतं,” त्या म्हणाल्या. “पण सुनावणीत नाही पटणार. शब्दाच्या अर्थावर भांडायला गेलो तर आपण हरू.”

“मग?” मधवालीने विचारले.

“एक वाट आहे. कायद्याची सभा म्हणजे सरकारनं नेमलेल्या सचिवाची सही असलेली सूचना लागते. तुमच्याकडे तशी सूचना कधीच निघत नाही. थोरले नुसती हाक देतात. तेव्हा त्यांनी सुनावणीत एवढंच म्हणायचं, की त्या दिवशी सभा नव्हतीच. माणसं जमली होती. सभा नाही, तर संमतीही नाही. सगळं रद्द.”

“आणि आम्ही नाही म्हणालो त्याचं काय?” न्हाव्याने विचारले.

“तीही सभा नव्हती, असंच होईल. तो नकार तसाही त्यांनी धरलेला नाही. त्यांना नव्यानं सभा घ्यावी लागेल. तोवर घर उभं राहील, आणि नव्या सभेत तुम्ही सरळ नकार द्या.”

थोरल्यांनी मुलीकडे पाहिले. “तू सांग.”

“मी नाही सांगणार, बाबा. मागे एकदा सांगितलं होतं.”

सुनावणीच्या खोलीत उंचावर एक पंखा फिरत होता आणि त्याच्या खाली मांडलेले कागद जड पेपरवेटांखाली फडफडत होते. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी ध्वनिमुद्रण लावायला सांगितले. त्या परक्या खोलीत थोरल्यांनी आपल्या शेजाऱ्यांचे आवाज एकामागून एक ऐकले. गुराखी, न्हावी, कुंभार. म्हातारीचा आवाज दोनदा आला. मग एक विराम, आणि त्या विरामाच्या टोकाशी आपल्या मुलीचा आवाज. संस्कृतात ‘श्रु’ या ऐकण्याच्या धातूला ‘प्रति’ हा उपसर्ग लागला की त्याचा अर्थ वचन देणे असा होतो. तेथे कोणी तो उपसर्ग लावला नव्हता, तरी वचन दिल्याचे ठरत होते.

“ती सभा तुम्ही बोलावली होती?” अधिकाऱ्यांनी विचारले.

थोरले उभे राहिले. पटांगणात उभे राहून बोलण्याची पद्धत नव्हती, येथे होती.

“ती सभा नव्हती,” ते म्हणाले. “माणसं जमली होती.”

“नक्की?”

“मला सभा बोलावण्याचा अधिकार नाही. माणसं जमली होती, साहेब.”

संमती रद्द झाली. खाण विभागाने सरकारी सचिवामार्फत रीतसर सभा घ्यावी, असा आदेश निघाला. बाहेर जिन्यात मधवालीने वडिलांच्या बाहीला हात लावला आणि लहानपणी धरी तशी ती बाही मुठीत धरून ती खाली उतरली. तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच काळाने थोडी टवटवी दिसत होती. न्हावी मात्र परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर पाहत बसून राहिला. वळणावळणावर कोटी करणारा तो माणूस वस्ती येईपर्यंत एक शब्दही बोलला नाही.

थोरले काय बोलून आले हे वस्तीला त्याच संध्याकाळी कळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे हाक दिली तेव्हा पटांगणात कोणी आले नाही. मग ते स्वतः कोठाराकडे गेले. म्हातारी तेथे सावलीत टोपलीचे बूड विणत बसली होती आणि तिच्या आसपास आणखी काहीजण होते. ती थोरल्यांहून वयाने मोठी. त्यांना एकेरीत हाक मारणारी वस्तीत ती एकटीच उरली होती.

“माणसं जमली होती, म्हणालास?” तिने हातातले काम न थांबवता विचारले.

“म्हणालो.”

“माणसं तर बाजारात पण जमतात. मी कोठारापुढं येऊन बसले ती काय भाजी घ्यायला?”

“पोरीचं घर जात होतं.”

“ते कळतं रे मला. माझी पोर असती तर मी पण तेच केलं असतं. पण मग तुझ्या हाकेवर कुणी कशाला यायचं, ते सांग.”

थोरले सगळ्यांकडे वळले. ते म्हणाले, “माझ्यावर काय राग काढायचा तो काढा. पण आता जी सभा होईल, तिच्यात त्यांनी विचारलं की लगेच हात वर करा. नाही म्हणून. तिथल्या तिथं. घरी जाऊन मग सांगू, असं करू नका.”

“पहिल्याच दिवशी?” कुंभार दचकून म्हणाला.

“हो, पहिल्याच दिवशी.”

आता न्हावी बोलला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. “घात कशानं झाला, थोरले? शब्दानं. आम्ही सगळ्यांनी बसून विचार केलाय. या खेपेला शब्दच द्यायचा नाही. ‘ऐकलं’ पण म्हणायचं नाही. तोंड मिटून ऐकायचं, घरी यायचं, आणि सांगायच्या बैठकीला असं नाही म्हणायचं की डोंगराला ऐकू जाईल. काय धरतील ते त्यांच्या मोबाइलमध्ये? वारा?”

“अरे, दुसरी बैठक ते घेणारच नाहीत!”

“दोन बैठकींचा नियम आहे.”

“त्यांचा नाही तो.”

“मग तुमचा तरी कुठं राहिलाय?” न्हावी म्हणाला. “आमचा आहे अजून. आम्ही नाही सोडणार.”

थोरले परत फिरले. ज्या गोष्टीसाठी त्यांनी आयुष्य वेचले होते तिला वस्तीने एवढे घट्ट धरलेले पाहून कोणत्याही दुसऱ्या दिवशी त्यांचा ऊर भरून आला असता. त्यानंतर ते घरोघर फिरले. लोकांनी त्यांना पाणी दिले, बसायला दिले, परंतु त्यांच्या म्हणण्यावर कोणी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही.

सचिवाची सभा कापडी मांडवाखाली भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकाला पुढच्याची पाठ तेवढी दिसत होती. सूचनेवर सही होती, तारीख होती, शिक्का होता. या वेळी कोणतीही उणीव नव्हती. सचिव ध्वनिक्षेपकावर बोलला. रस्ता, दवाखाना, काम, नळ. वस्ती पाठ ताठ ठेवून, हात मांडीवर घेऊन, ओठ मिटून बसली होती. पहिला अधिकारीही आला होता. तो बाजूला उभा राहून या शांततेकडे पाहत होता आणि त्याला ती पूर्वीसारखीच सुंदर वाटत असावी.

“ज्यांना हा ठराव मान्य आहे त्यांनी हात वर करावेत.”

खाली हमरस्त्याच्या कामावर आधीच लागलेले वस्तीतले काही तरुण अगदी मागच्या ओळीत बसले होते. बाहेरच्या जगात विचारले की तिथल्या तिथे उत्तर द्यायचे असते, हे त्यांना कामावर कळले होते. त्यांनी एकमेकांकडे न पाहता हात वर केले.

“ज्यांना मान्य नाही त्यांनी.”

मधवालीने हात वर केला. थोरल्यांनी केला. त्यांनी मागे वळून पाहिले. ओळींमागून ओळी निश्चल होत्या. एकाही मांडीवरचा हात हलला नव्हता. गुराखी समोर पाहत होता, कुंभार समोर पाहत होता. न्हाव्याच्या जबड्याची शीर ताणलेली होती, जणू काही शब्द आतून दारावर थापा मारत होता आणि तो अंगाच्या बळाने दार दाबून धरत होता.

“हात वर करा,” थोरले म्हणाले. मग ते खुर्चीला धरून उभे राहिले आणि ओरडले, “अरे, करा ना हात वर! ही दुसरी बैठक नाही, हीच शेवटची आहे!”

“बाबा, खाली बसा,” सचिव ध्वनिक्षेपकातून म्हणाला. “सभेत असं मध्ये बोलायचं नसतं.”

टोपलीवाल्या म्हातारीने त्यांच्याकडे पाहिले आणि खोडकर नातवाला दटावावे तसे ओठांवर बोट ठेवले.

हात मोजले गेले. मागच्या ओळीतले हात दोहोंहून अधिक होते. “उर्वरित तटस्थ,” सचिवाने लिहून घेतले. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. ती माणसे तटावर नव्हती; भर प्रवाहात, आपल्या पूर्वजांनी जेथे बसायला सांगितले होते तेथेच ती बसली होती. पण या लेखी शब्दाला हरकत घेण्याची वेळही संपली होती. ठराव बहुमताने संमत झाल्याचे जाहीर झाले, आणि ते जाहीर होत असताना मधवालीचा हात अजून वरच होता. सचिवाने तिला तो खाली घ्यायला सांगितले. तिने ऐकले नाही. मदतनीस खुर्च्या उचलत तिच्या ओळीपर्यंत आला, तेव्हा कोठे तिने हात खाली घेतला.

मांडव उतरला, गाड्या निघून गेल्या. वस्ती मात्र घरी गेली नाही. खुर्च्या नाहीशा झाल्याबरोबर लोक आपसूक भुईवर गोल बसले होते. त्यांच्या चेहऱ्यांवर श्रमाचे समाधान होते. म्हातारी काठीच्या आधाराने थोरल्यांपाशी आली. तिचा राग मावळला होता.

“पाहिलंस? एकाच्या तोंडून हूं की चूं नाही. पोराबाळांनी पण दम धरला. आता मागचं जाऊ दे. तूच बोलाव. सांगायची बैठक कधी ठेवतोस?”

सगळा गोल त्यांच्याकडे पाहत होता. न्हावीही पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत जुनी ओळख परत येत होती. वर उतारावर तांबड्या खुणेच्या भिंतीपलीकडे यंत्राचे धूड चढणीला लागल्याचा घरघराट येत होता. तो आवाज सर्वांना ऐकू येत होता. त्याचा अर्थ गोलातल्या दोघांनाच कळत होता.

“उद्या,” थोरले म्हणाले.

“उद्या,” म्हातारीने मागे वळून सर्वांना सांगितले. लोक उठले, धोतरा-लुगड्यांना लागलेली माती झटकू लागले. न्हावी कोणाला तरी म्हणाला की, उद्या नकार देण्याआधी घसा साफ करून या, आणि त्यावर बऱ्याच दिवसांनी हशा पिकला.

मधवाली हसली नाही, रडलीही नाही. तिने मांडवाचा उरलेला एक दोर गुंडाळून खांद्यावर टाकला. पेट्या बांधून खाली आणायला तो उपयोगी पडणार होता.

“चला, बाबा,” ती म्हणाली. “सांज झाली की माश्या घरी परततात. त्या आत शिरल्या की पेट्यांची तोंडं बंद करायला हवीत.”